मॉरिसची खांदशेकणी

ब्रेक दुरुस्त करणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं मी म्हणालो तेव्हा घरात तीन माणसं हजर होती आणि त्यातल्या एकानंही मला अडवलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नंतर तिघंही म्हणाले, "आमाले तवाच वाटलं होतं." तेव्हाच वाटलं होतं तर तेव्हाच बोलायला काय हरकत होती, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.

गाडी म्हणजे आमची मॉरिस. लढाईच्या आधीचं मॉडेल. दोन्ही बाजूंना पायदान, पुढे बटबटीत दिवे, आणि चेहरा कायम सर्दी झाल्यासारखा. वरचं कापडी टप कधीचंच फाटून गेलं होतं, त्यामुळे आत बसलेल्या माणसाची मिरवणूक निघाल्यासारखी दिसे. जंगलखात्यातला कुणी साहेब निवृत्त होऊन निघाला तेव्हा बाबांनी ती त्याच्याकडून घेतली. माझ्यापेक्षा ती वयानं मोठी, त्यामुळे घरात तिचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालायचा.

चौऱ्याहत्तर सालचा पोळा तोंडावर आला होता. बाबा ऑफिसच्या कामानं चांद्याला गेलेले, आईचं माहेर तिथलंच म्हणून तीही गेलेली. नागपूरला धंतोलीतल्या घरी उरलो आम्ही तिघं: माझे आजोबा, यमुआत्या आणि मी. आजोबांना घरात आणि गावात सगळे बापूजीच म्हणत. शिवाय शेजारचा गिरिधर. हा माझा मित्र. त्याला कुठल्याही कामाला नाही म्हणता येत नसे. ते काम करताही येत नसे, पण नाही म्हणत नसे हे महत्त्वाचं.

आता बापूजींची अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

आमची शेती खाप्याला. गुडघे गेले तसे बापूजी नागपूरला आले आणि शेती-बैल गावातल्या बळीरामकडे बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिले. पण पोळ्याचा मान बापूजींचाच राहिला. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावातले सगळे बैल सजून आंब्याच्या पानांच्या तोरणापाशी रांगेनं उभे राहतात. मानाची जोडी सगळ्यांत पुढे. ती तोरणाखालून गेली, तोरण तुटलं, की पोळा फुटला. मग बाकीचे बैल सुटतात. त्या पहिल्या जोडीचा कासरा आमच्या घरच्या हातात असायचा. बापूजींच्या, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या, आणि त्याआधी कोणाच्या हे विचारलं की बापूजी थेट भोसल्यांच्या काळात जायचे आणि जेवायलाच परत यायचे.

आदल्या वर्षी एस.टी. रस्त्यात बसली. बापूजी पोचले तेव्हा पोळा फुटून बैल घरी जाऊन पुरणपोळी खात होते. बापूजींच्या जागी त्यांचा चुलतभाऊ नानाजी आपली जोडी घेऊन उभा राहिला होता. तात्पुरता. त्यानं तोंडानं तात्पुरता म्हटलं होतं, पण फेटा नवीन घेतला होता. रामाजी पाटलांनी निकाल दिला: एक साल हुकलं तर हुकलं, दुसऱ्यांदा हुकलं तर मान नानाजीचा, कायमचा.

तेव्हापासून बापूजींना जेवण गोड लागत नव्हतं. पोळा जवळ आला तसं ते आभाळाकडे, कॅलेंडरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायला लागले.

"एस.टी.चा भरवसा नाही," मी म्हणालो. "मॉरिसनं जाऊ."

"तिचे ब्रेक लागत नाही ना गा," बापूजी म्हणाले.

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरिधर आणि मी गाडी विटांवर चढवली, चारी चाकं काढली, आणि चाकांमागचे लोखंडी ड्रम हातोडीनं ठोकून उपसून काढले. ड्रम म्हणजे पातेल्यासारखी वस्तू. आत दोन चंद्रकोरीसारख्या पट्ट्या असतात. पेडल दाबलं की पट्ट्या फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. घासल्या की गाडी थांबते. इतकं साधं आहे. मी हे गिरिधरला समजावून सांगत होतो, तर बापूजी काठी टेकत शेजारी येऊन उभे राहिले.

"गाडीचा भार कुठी येते गा, श्रीधर?"

मी बी.एस्सी. झालो होतो. मला असा प्रश्न कोणी विचारला की बरं वाटायचं. "ह्या पट्ट्यांवर, बापूजी. इंजिन ओढते, पण सोसतात ह्या. घासून घासून झिजतात बिचाऱ्या, आणि कोणी पाहत नाही त्यांच्याकडे."

"म्हणजे खांदच झाली."

"खांदच म्हणा."

बापूजींनी वाकून एका पट्टीवर हात फिरवला. जुन्या, खरखरीत, काळपट. "सोलली पार," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, विज्ञानाची गोडी लागली.

मी पट्ट्यांवर पॉलिश कागद मारत होतो. गिरिधर ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता, कारण बाकी कुठल्याही कामापासून त्याला दूर ठेवायचं तर तीच जागा सोयीची होती. एकच गोष्ट त्याला सांगितली होती: पायाखालचं मधलं पेडल दाबू नको. ड्रम काढलेले असताना ते दाबलं तर पट्ट्यांना अडवायला काही नसतं, आणि आतल्या नळीतलं तेल बाहेर येतं.

यमुआत्या चहा आणि भजी घेऊन आली. "घे गा गिरिधर. कवाचा उपाशी बसून राहिला."

गिरिधरनं एका हातात कप घेतला, दुसऱ्या हातात बशी घेतली, आणि आता आरामात खाऊ म्हणून पाय लांब केले. नेमके मधल्या पेडलवर.

मागच्या चाकातून तेलाची चिळकांडी आली ती थेट माझ्या डोळ्यांत. मी ओरडलो. गिरिधरनं मी का ओरडलो हे पाहण्यासाठी वाकून पुन्हा दाबलं.

"अबे भैताडा, पाय काढ."

"काढतो ना. हातात चहा आहे."

"पाय आणि चहाचा काय संबंध आहे बे?"

"सांडन ना."

मी आंधळ्यासारखा विहिरीकडे गेलो. डोळे धुण्यात, कपडे बदलण्यात आणि गिरिधरला शिव्या देण्यात बराच वेळ गेला. शिव्या देता देता भजी संपली. परत आलो तेव्हा दिवस कलला होता, आणि बापूजी हात पुसत पुसत गाडीपासून परत येत होते. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं समाधान.

"खांद शेकून झाली," ते म्हणाले.

खांदशेकणी आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलवटलेले असतात. त्यांना लोणी आणि हळद चोळतात, गरम पाण्यानं शेकतात, आणि मग बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." म्हाताऱ्याला बैलांची आठवण आली असेल, मला वाटलं. बोनेटच्या दोन्ही बाजूंना, मडगार्डवर, हळदीची बोटं उठली होती. छान दिसत होती. मी काही बोललो नाही. म्हाताऱ्या माणसांच्या भावना जपाव्या अशा मताचा मी आहे.

तेल सांडलेली नळी जाग्यावर बसवली, नवीन तेल भरलं, ड्रम चढवायला घेतले. त्या कलत्या उजेडात पट्ट्या अशा चकाकत होत्या की मी थक्क झालो. पॉलिश कागदानं इतकी चकाकी येते हे मला माहीत नव्हतं. गिरिधरला बोलावून दाखवलं.

"ह्याले म्हणतात हात," मी म्हणालो.

"पिवळ्या दिसून राहिल्या."

"आतून तशाच असतात त्या. वरचा काळा थर गेला."

मग ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून चाक जाम होईपर्यंत स्क्रू आवळला आणि थोडा मागं घेतला, की चाक मोकळं फिरलं पाहिजे. ते फिरलं. फार सुरेख फिरलं. कसलाही आवाज नाही. गिरिधरला पेडल दाबायला लावून नळीतली हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. चार दिवस पावसानं अंगणात चिखल झाला होता. त्यात गाडी पुढे नेऊन ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. मागे नेऊन दाबला, थांबली. न दाबताही थांबली असती, पण ते त्या वेळी सुचलं नाही.

सकाळी यमुआत्या स्वैपाकघरातून ओरडली, "लोण्याचा गोळा कोणी नेला? पुरणपोळीवरच्या तुपाचं होतं थे."

"लागलं सत्कारणी," बापूजी म्हणाले आणि फेटा बांधायला बसले.

निघालो. पुरणपोळ्या होईपर्यंत दुपार झाली होती. पुढे मी आणि बापूजी, मागे यमुआत्या छत्री घेऊन आणि गिरिधर पुरणपोळीचा डबा घेऊन. उघाड पडली होती, हवा छान होती.

शहराबाहेर पडताना सदरच्या चौकात हवालदारानं हात आडवा केला. मी ब्रेक दाबला. पेडल घट्ट, पायाला कसा भरवसा वाटावा असा. गाडी मात्र चालतच राहिली. हवालदाराजवळून जाताना दुसरं काही न सुचून मी सॅल्यूट केला. बापूजींनी फेट्याला हात लावला. हवालदारानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा फेट्याकडं पाहिलं, आणि टाच जुळवून उलट सॅल्यूट ठोकला. आमच्या मागून ब्रेक लावून थांबलेल्या एका सायकलवाल्याला त्यानं धरलं.

"थांबला नाही तू," गिरिधर म्हणाला.

"नवीन ब्रेक असतात, बसायला वेळ लागतो. चार-दोनदा दाबले की बसतात."

मी दाबत गेलो. कोराडीपर्यंत मी इतक्यांदा दाबले की मागची यमुआत्या म्हणाली, "शिलाई मशीन चालवून राहिला का गा?" गाडी काही केल्या थांबेना. समोर बैलगाडी दिसली की दुरूनच गिअर कमी करायचा, हॉर्न वाजवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

आणि मग वास यायला लागला.

"कोणाच्या तरी घरी तूप कढवून राहिले," यमुआत्या म्हणाली.

पोळ्याचा दिवस, कढवत असतील. मैलभर गेलो. वास तोच.

"इकडेही कढवून राहिले."

पुढचं गाव गेलं, शेतं लागली. दोन्ही बाजूंना कपाशी, माणूस नाही, चूल नाही. तूप मात्र कढतच होतं. आता त्याला खमंग वास सुटला होता, थोडा हळदीचाही. मग कुत्री लागली मागे. गाडीमागे कुत्री लागतात ती भुंकत लागतात. ही भुंकत नव्हती. जिभा काढून, शेपट्या हलवत, पाहुण्यांना पोचवायला निघाल्यासारखी येत होती. प्रत्येक गावाला त्यांच्यात भर पडत होती.

पाटणसावंगीच्या पुढे छोट्या रेल्वेगाडीचं फाटक लागलं, आणि ते बंद होतं. नशिबानं रस्ता रुळांकडे चढत जातो. चढावर गाडीचा वेग कमी कमी होत गेला आणि फाटकाच्या आधी वीतभर ती आपण होऊन थांबली. क्षणभर मला वाटलं, बसले ब्रेक. मग ती मागं जायला लागली.

"गिरिधर, ठोकळा."

विटांसोबत वापरलेला लाकडी ठोकळा सुदैवानं पायाशी होता. गिरिधर उडी मारून उतरला आणि चाकाखाली ठोकळा सारला. गाडी थांबली. कुत्री पोचली. त्यांनी आपापसात अजिबात न भांडता चार चाकं वाटून घेतली आणि चाटायला सुरुवात केली.

आम्ही सगळे खाली वाकून पाहत होतो. चाकाच्या आतून पिवळं तूप गळत होतं.

मी बापूजींकडे पाहिलं. ते समोर रुळांकडे पाहत शांत बसले होते.

"बापूजी, काल खांद शेकली म्हणाले तुमी. कुठी शेकली?"

"तूच त सांगितलं कुठी. त्या पट्ट्याइले. आतपावेतो चोळलं, बोटानं. गरम पाण्यानं शेकलं. आवतण देल्लं."

"चारी चाकाइले?"

"एकाले देऊन तिघाले उपाशी ठेवाचं का? कसा बोलते हा."

"माय वं, माझं लोणी," यमुआत्या म्हणाली.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. की गाडी थांबते ती घासल्यामुळे, आणि लोण्यानं घासणं होत नाही. बापूजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खांद दुखत नाही आता तिची," ते म्हणाले.

"दुखत नाही, पण थांबतही नाही."

"बैल त थांबते."

"बैलाले ब्रेक नसते, बापूजी."

"तेच त सांगून राहिलो."

गिरिधर म्हणाला, माघारी फिरू. यमुआत्या म्हणाली, इथंच उतरू. मी काहीच म्हणालो नाही, कारण माघारी फिरायचं तरी आधी पुढे कुठेतरी थांबावं लागतं. बापूजींनी सूर्याकडं पाहिलं. तो कलायला लागला होता. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि अगदी हळू म्हणाले, "तिकडे नानाजी उभा असन फेटा बांधून. तुमाले उतरायचं असन त उतरा. मी बसतो."

यमुआत्यानं छत्री मिटली, पदर कमरेला खोचला आणि गिरिधरला म्हणाली, "तू पायदानावर उभा राह्य ठोकळा घेऊन. म्या सांगितलं की उडी मार."

छोटी गाडी धूर सोडत गेली, फाटक उघडलं, आम्ही निघालो. गिरिधर पायदानावर एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातात ठोकळा घेऊन. यमुआत्या मागून हुकूम सोडत होती: "म्हैस आहे, उडी मार. पुलाचा उतार आहे, उडी मार." एकदा तिनं नुसतं "पाह्य, किती छान कमळं फुलले" म्हटलं तर सवयीनं त्यानं उडी मारली. तो परत येऊन चढेपर्यंत आम्हाला थांबता आलं नाही. बराच धावला बिचारा. कुत्र्यांनी त्याला जागा करून दिली.

खाप्याला पोळ्याच्या पटांगणाकडचा रस्ता उताराचा आहे. वरून मला सगळं दिसलं. बैलांच्या दोन लांब रांगा, झुली, रंगवलेली शिंगं, वाजंत्री. दोन खांबांना बांधलेलं तोरण. तोरणाखाली सगळ्यांत पुढे नानाजी, गुलाबी फेटा, हातात आपल्या जोडीचा कासरा. त्याच्या बाजूला आमचा बळीराम आमची जोडी घेऊन, हात जोडून पाटलांना काहीतरी विनवत होता. थोडं थांबा म्हणत असावा. पाटील मान हलवत होते, नाही अशी. एक जण हात वर करून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणत होता, आणि शेवटच्या ओळीला "हर हर महादेव" म्हणायला सगळा गाव तयार होता. ते म्हटलं की नानाजी पाऊल टाकणार.

"हाक," बापूजी म्हणाले.

हाकायचं काही कामच उरलं नव्हतं. उतार लागला होता. मी गिअर कमी करायला गेलो. त्या मॉरिसमध्ये चालत्या गाडीत पहिला गिअर कधीच पडत नसे, आणि आजही त्यानं तत्त्व सोडलं नाही. दांडा नुसताच हातात फिरू लागला. हँडब्रेक ओढला. हँडब्रेक मागच्याच पट्ट्या ओढतो. मागच्या पट्ट्यांना, बापूजींनी नंतर सांगितलं, जरा जास्तच लोणी लावलं होतं, कारण मागच्याइले कोणी इचारत नाही.

"उडी मार," यमुआत्या म्हणाली.

गिरिधरनं उडी मारली आणि ठोकळा चाकाखाली घातला. चाक ठोकळ्यावरून चढून गेलं. मग गिरिधर सरळ गाडीच्या पुढे धावत सुटला, हातातला पुरणपोळीचा डबा हलवत, "बाजूले व्हा, बाजूले व्हा." डबा त्याच्याकडे कसा आला, हे त्यालाही माहीत नाही.

मी हॉर्न दाबून धरला. लोकांनी वळून पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल ते मी नंतर विचार करून ठरवलं आहे: हळद लावलेली उघडी मोटार, त्यात फेटा बांधून ताठ बसलेले बापूजी, पुढे पुरणपोळीचा डबा घेऊन धावणारा भालदार, मागे शेपट्या हलवणारी कुत्र्यांची फौज, आणि सगळ्या आसमंतात साजूक तुपाचा वास. वाजंत्रीवाल्यांनी आपण होऊन चाल बदलली आणि जोरात वाजवायला घेतलं. बैल शहाणे, त्यांनी वाट दिली. माणसांनी बैलांचं पाहून दिली. गाडीचा वेग फार नव्हता. माणूस देवळात जातो तसा. फक्त माणूस देवळापाशी थांबतो.

नानाजी नाही हलला. तो तोरणाखाली कासरा धरून उभा, आणि गाडी त्याच्याकडे येते आहे.

"बाजूले हो नानाजी," बापूजी ओरडले.

"मी नाही हटत. मान माझा आहे."

"मान राहू दे, पाय काढ."

शेवटी त्याच्या बैलांनीच निर्णय घेतला. ते डावीकडे गेले, नानाजी कासऱ्यासोबत डावीकडे गेला, आणि मॉरिस तोरणाखालून निघाली. वरचं टप नव्हतं. तोरण बापूजींच्या फेट्याला अडकलं, ताणलं गेलं, तुटलं आणि त्यांच्या गळ्यात पडलं.

"हर हर महादेव," सगळा गाव ओरडला. पोळा फुटला. मागचे सगळे बैल सुटले आणि दोन्ही बाजूंनी आमच्या पुढे निघून गेले.

आम्ही पटांगण ओलांडून कुणाच्या तरी घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलो आणि थांबलो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांसारखा ब्रेक नाही. कारखान्यांनी विचार करायला हरकत नाही.

गाव जमलं. आधी सगळे हसत होते, मग नानाजी आला.

"हे काय लावलं बापूजी? मोटार घुसवली पोळ्यात. मान माझा. मी पुढे उभा होतो."

बापूजींच्या अंगावर काड्याच काड्या होत्या. त्यांनी गळ्यातलं तोरण नीट केलं. "तोरण कोणाच्या गळ्यात आहे?"

"पोळा बैलाचा असते. मोटारीचा नसते. इचारा पाटलाले."

रामाजी पाटील तंबाखू मळत पुढे आले. म्हातारा माणूस, घाई नाही. गाडीला एक चक्कर मारली. बापूजी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"ह्या जनावराची खांद शेकली का?" पाटलांनी विचारलं.

लोक हसले. पाटील नाही हसले.

"काल संध्याकाळी," बापूजी म्हणाले. "लोणी-हळद."

"आवतण देल्लं?"

"देल्लं."

पाटील चाकापाशी वाकले. दोन कुत्र्यांना बाजूला सारून आत बोट घातलं, बोटाचा वास घेतला, आणि बोट फेट्याला पुसलं. स्वतःच्या नाही, शेजारी उभ्या असलेल्या नानाजीच्या.

"खांद शेकली. आवतण देल्लं. तोरणाखालून पयलं गेलं. आता बैल म्हणजे आणखी काय असते, नानाजी?"

"शिंगं असते," नानाजी म्हणाला.

पाटलांनी पुढच्या दोन दिव्यांकडे काठी दाखवली. "हे काय आहे?"

"थे दिवे आहे."

"तुले दिवे दिसून राहिले. मले शिंगं दिसून राहिले. अन पाटील मी आहे." तंबाखू तोंडात टाकून ते म्हणाले, "मान बापूजीचा."

बापूजींनी डोळ्यांवरून तोरणाचं एक पान फिरवलं, घाम पुसल्यासारखं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मानाची जोडी घरोघर ओवाळतात, तर मॉरिस घरोघर न्यायची ठरली. तिच्या थांबण्यावर आता कोणाचा विश्वास नसल्यामुळे तिला दोरानं बांधून नेलं. पुढे ओढायला आमची जोडी आणि मागे रोखायला नानाजीची, असा पाटलांचा हुकूम होता. नानाजीची बायको सुभद्राकाकू आरती घेऊन आली, चाकांवर पाणी घातलं, दिव्यांना कुंकू लावलं आणि बोनेटवर पुरणपोळी ठेवली. मी सकाळपासून उपाशी. डब्याकडे हात नेला तर बापूजींनी काठी आडवी घातली.

"जनावराच्या आधी हाकणारा जेवत नाही."

"बापूजी, ही जेवणार कशी?"

"जेवन. बस."

गिरिधर आणि मी गाडीसमोर मांडी घालून बसलो आणि ती जेवायची वाट पाहू लागलो. बऱ्याच वेळानं आमचा कबऱ्या बैल आला आणि त्यानं बोनेटवरची पोळी उचलून खाल्ली. चालतं का म्हणून पाटलांकडे माणूस पाठवला. निरोप आला: एकाच गोठ्यातले आहेत, चालते.

जेवण झाल्यावर बापूजी माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा हात त्यांनी बी.एस्सी.च्या निकालालाही फिरवला नव्हता. मला भरून आलं.

"बापूजी," मी म्हणालो, "उद्याच्या उद्या ड्रम उघडतो. पट्ट्या साबणानं धुतो, नाहीतर नवीनच टाकतो. असे ब्रेक करून देतो की वीतभरात थांबली पाहिजे."

बापूजींचा हात पाठीवरच थांबला.

"खबरदार हात लावला त," ते म्हणाले. "पुढच्या साली तोरणापाशी थांबली त नानाजी पुढे जाईन ना."

गाडी बळीरामच्या गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे खरोखर खुंट्याला दोरानं बांधली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. पोरांच्या लाकडी बैलांच्या रांगेत सगळ्यांत पुढे पत्र्याची एक खेळण्यातली मोटार होती, हळद लावलेली. तिला हटकायची कोणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी बापूजींना त्यांच्या मानासकट खाप्याला ठेवून यमुआत्या, गिरिधर आणि मी नागपूरच्या एस.टी.त चढलो. चढताना मी कंडक्टरला फक्त एवढंच विचारलं, की हिचे ब्रेक नीट लागतात ना. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग गिरिधरकडे पाहिलं.

"पोळ्यात गाडी घातली थे तुमीच का?"

मी जरा छाती पुढे काढून हो म्हणालो.

"मंग सगळ्यात मागच्या सीटवर बसा," तो म्हणाला, "अन डायव्हरसोबत एक शब्द बोलू नका."